पड

हाजी दीब एकटा राहतो. त्याची नि माझी भिंत एकच. तिन्ही मुलं चिलीला जाऊन बसली, बायको वतफा सहा वर्षांमागे वारली, आणि तेव्हापासून त्या घरातून खोकल्याशिवाय आवाज नाही. मी सकाळी भिंतीवर दोनदा थापटतो, पलीकडून तो दोनदा थापटतो. म्हातारा आहे म्हणायचं आणि चहा ठेवायचा.

गावाच्या वरच्या अंगाला त्याचा उतार होता. पणजोबानं दगड वेचून बांध घातलेले, मधे गहू, कडेला बदाम. पेरणीला वतफा पुढे चालत बी टाकायची आणि हा मागून गाढवाचा नांगर धरायचा. ती गेली त्या वर्षी त्यानं पेरलंच नाही. दुसऱ्या वर्षी मी टोकलं, तर म्हणे, जमिनीलाही विसावा लागतो, पड ठेवलीय. तिसऱ्या वर्षीही तेच. विसावा त्याला स्वतःला हवा होता हे मला दिसत होतं, पण बोलणार कोण?

मग एक दिवस बदामाच्या बुंध्याशी दगडाखाली लष्कराचा कागद सापडला. जमीन सरकारी आहे, हरकत असेल तर पंचेचाळीस दिवसांत नोंदवा. आम्ही शहरातल्या वकीलबाईंना गाठलं. त्यांनी समजावलं की हा तुर्कांच्या अमलातला कायदा, तीन वर्षं नांगर लागला नाही तर जमीन सरकारजमा. तुर्क कधीच गेले, पण त्यांचं एवढं एक मात्र ह्या लष्करवाल्यांनी निगुतीनं जपलंय! बाई असंही म्हणाल्या की परदेशातल्या मोठ्या कोर्टानं सांगितलंय, कब्जा करणाऱ्यानं कब्जातल्या मुलखात अशा जमिनी घेऊन आपली माणसं वसवायची नाहीत. हाजीनं शांतपणे विचारलं, ते जज पेरणीआधी येतील की नंतर? बाईंना हसू आलं नाही. एवढंच म्हणाल्या, सुनावणीत नीट सांगा, जमीन तुम्ही कसताय, ती फक्त विसाव्याला ठेवली होती.

सुनावणी छावणीत, लष्कराच्या समितीपुढे. बाई वाटेत लष्कराच्या तपासणी नाक्यावर अडकल्या, दुभाषा कुणी नव्हता. मी पुढे झालो, अतिशहाणा. वीस वर्षं त्यांच्या लोकांच्या इमारती बांधल्यात, त्यांची भाषा मला येते म्हणालो. येते म्हणजे काय, सिमेंट येतं, सळई येते, ‘हात चालव’ येतं. शेतातले शब्द मला गवंड्याला कुठून येणार? पण तेवढी अक्कल त्या दिवशी चरायला गेली होती.

साहेबानं विचारलं, जमिनीचं काय केलंत? हाजी ताठ उभा राहिला. चांगला शेतकरी सांगतो तशा तोऱ्यात म्हणाला, “पड ठेवली.”

मी शब्द शोधला. बांधकामावर मोकळ्या पडलेल्या प्लॉटांना जे म्हणायचे, तोच जिभेवर आला. मी त्यांच्या भाषेत म्हणालो, “टाकून दिली.”

साहेबानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. हाजीला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. बाहेर येऊन त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी काय बोललो ते रात्री बाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

चार महिन्यांनी निकाल आला. जमीन गेली. बाई म्हणाल्या, आभाळातून काढलेले पडीक जमिनीचे फोटो त्यांच्याकडे होतेच, तुमच्या शब्दाविनाही गेली असती. असेल. मी जाऊन हाजीपुढे सगळं कबूल केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला झोप लागली असती. त्यानंतर भिंतीवर थापटायची मला लाजच वाटायला लागली. त्याच्याकडूनही थाप आली नाही. महिनाभर एका भिंतीला पाठ लावून आम्ही दोन म्हातारे आपापला चहा पीत बसलो.

पहिला पाऊस पडून गेला आणि एका सकाळी त्याच्या गच्चीवरून खरवडल्याचा आवाज आला. मी घाबरून जिना चढलो. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत माती पसरलेली. तेलाच्या डब्यांतून, एकेक करत, ऐंशीच्या घरातल्या माणसानं वर चढवलेली. हाजी कुदळीनं सरी ओढत होता.

“हाजी, स्लॅब गळेल,” मी म्हणालो. गवंडीच शेवटी.

“गळू दे.” त्यानं कुदळ थांबवून वर आभाळाकडे बोट केलं. “मिस्त्री, तिथून दिसेल ना?”

मीही वर पाहिलं. दिसेल, म्हणालो.

त्यानं गव्हाचा डबा माझ्या हातात दिला. “मग तू पुढे हो,” म्हणाला. “पुढे कुणी नसलं की मला पेरता येत नाही.”