न पुसलेली रेघ

रविवारी सकाळी मी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर कोथिंबीर निवडत होते, तेव्हा शैलाताईंच्या नवऱ्याचा, काकांचा, फोन आला. "मुग्धा, शैला गेली गं..." एवढंच म्हणाले आणि वॉचमनशी हिंदीत बोलायला लागले, गाडी कुठल्या गेटने आत घ्यायची ते. फोन बंद करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. मीही तो कानाला लावून तशीच उभी राहिले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

शैलाताई आमच्या प्रयोगशाळेतल्या सीनियर टेक्निशियन. मी पीएच.डी.साठी तिथे गेले तेव्हा त्यांना तिथे पंचवीसेक वर्षं झाली होती. त्या भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात राहायच्या, मी मीरा रोडला, त्यामुळे आमचं जाणं-येणं बरोबरच. काम एका कायनेजवर होतं. कायनेज म्हणजे पेशीतल्या इतर प्रथिनांना कामाला लावणारं प्रथिन. आमचं हे कायनेज स्वतः मात्र बराच वेळ निजलेलं असायचं. अंगावरच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटला की जागं व्हायचं. ते जागं आहे का, हे ओळखायला एक खास अँटिबॉडी मिळते. ती फक्त त्याच जागेला धरते, आणि तिथे फॉस्फेट असेल तरच. धरलं की फिल्मवर काळी रेघ उमटते. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून प्रथिनं उतरवलेल्या कागदाला आधी दुधाच्या पावडरीचा थर द्यायची पद्धत असते. पहिल्याच आठवड्यात मी तो डबा उघडला, तर ताईंनी माझा हात धरला. "दूध नको गं. दुधातल्या केसिनवर पण फॉस्फेट असतात. आपली बाई तिथेच घुटमळत बसेल." अँटिबॉडीला त्या 'आपली बाई' म्हणायच्या.

पडताळून बघायचं हा त्यांचा स्वभावच होता, पण त्यात कडवटपणा नव्हता. सुट्टीच्या दिवशी बसने चौकच्या कोळीवाड्यात जाऊन मासळी आणायच्या आणि एकेका बांगड्याचा कल्ला उघडून बघायच्या. "ताजा हाय गं बाय, किती बगशील!" कोळीण वैतागायची. "असेल गं, पण मी अजून बघितला नाही ना," ताई हसून म्हणायच्या... आणि शेवटी घ्यायच्या तिच्याकडूनच.

माझ्या तिसऱ्या वर्षी रेघा अगदी झकास यायला लागल्या. औषध दिलेल्या पेशींत कायनेज जागं होतंय, असं स्पष्ट दिसत होतं. माझे गाइड असलेले सर खूश होते, पेपर लिहून होत आला होता. अशात एका दुपारी ताईंनी मला खुर्ची पुढे केली. "जरा बस." त्यांनी माझ्याच नमुन्यांवर, मला न सांगता, फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम घालून बघितलं होतं. अशा पडताळणीला आम्ही कंट्रोल म्हणतो. फॉस्फेट गेला की रेघ पुसली जायला हवी. फिल्मवर ती तशीच्या तशी होती, काळीभोर. म्हणजे अँटिबॉडी निजलेलं कायनेजही धरत होती. माझं तोवरचं सगळं काम त्या रेघांवर उभं होतं.

मी जे बोलले ते आजही लिहिताना लाज वाटते. "थिसिस माझा आहे, ताई. तुम्ही टेक्निशियन आहात, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" त्यांनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि नळ्या धुवायला गेल्या. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, येताना-जाताना वेगळी गाडी धरली. त्या आठ दिवसांत मी तोच प्रयोग दोनदा केला, ताई चुकल्या असाव्यात म्हणून. दोन्ही वेळा रेघ तिथेच होती.

शनिवारी मी इंद्रलोकात त्यांच्या घरी गेले. दार काकांनी उघडलं. ताई आत पोळ्या करत होत्या. काका हळूच म्हणाले, "या पेपरात तिचं नाव यायचं होतं ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुहागरला भावाला फोन करून सांगितलं होतं तिने. परवा म्हणाली, आता नाही यायचं." मला हे ठाऊक होतं. नावांच्या यादीत तिसरं नाव मीच टाइप केलं होतं... आणि भांडताना मला ते आठवलंदेखील नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन रडायला लागले. ताईंनी वळून बघितलं. "तूही करून बघितलंस ना?" मी मान हलवली. "मग झालं तर. हात धू, आधी जेव."

सोमवारी आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी फिल्म उजेडाला धरून बघितली. मग म्हणाले, "हा कंट्रोल कुणी मागितलेला नाही, शैलाताई." ताई म्हणाल्या, "सर, पाठवायचा असेल तर पाठवा. फक्त माझं नाव काढा." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेपर थांबला.

पुढे दीड वर्ष गेलं. दुसरी अँटिबॉडी मागवली, त्या एका जागेवर फॉस्फेट बसूच शकणार नाही असं बदललेलं कायनेजही बनवून बघितलं. तिथे रेघ उमटली नाही, म्हणजे ही अँटिबॉडी फसवत नव्हती, तेव्हा ताईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. आमचं निम्मं म्हणणं खोटं ठरलं, निम्मं टिकलं. पेपर लहानसा झाला आणि छापून आला तोवर ताई रिटायर झाल्या होत्या. मी अंक घेऊन गेले. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "स्पेलिंग बरोबर आहे."

मग फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. रोज घ्यायची गोळी मिळाली ती एका कायनेजला अडवणारी. "आयुष्यभर त्यांना जागं पकडत बसले, आता झोपवायची गोळी खातेय," असं सांगून त्या स्वतःच हसल्या. दोन वर्षं गोळीने छान साथ दिली. नंतर दिली नाही. शेवटच्या भेटीत त्यांना बोलताना धाप लागत होती. मी आता कॉलेजात शिकवते, म्हणून त्यांनी विचारलं, "तुझी मुलं कंट्रोल लावतात का गं?" "लावतात, ताई." "तू बघतेस?" "बघते." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. माझा हात हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले.

परवा काकांकडे गेले होते. जेवून जा म्हणाले आणि त्यांनी फ्रीझर उघडला. आत काडेपेटीएवढ्या डब्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'वाटण. एका वेळी एकच. पुन्हा गोठवू नये.' महागाची अँटिबॉडी आम्ही अशीच थोडी थोडी वाटून ठेवायचो, सारखी वितळून-गोठून खराब होऊ नये म्हणून. अंथरूण धरायच्या आधी त्यांनी काकांसाठी हे करून ठेवलं होतं. तीन डब्या उरल्या होत्या. काकांचा हात त्यांच्यावर थांबला. "आपण दोघं आहोत आज," मी म्हटलं, "एक पुरेल." मटकीची उसळ केली. वाटण चांगलं टिकलं होतं. जेवण झाल्यावर काकांनी डबी स्वतः घासली, चिठ्ठीला पाणी लागू न देता, आणि ओट्यावर पालथी घातली.