पाठीमागचं गाव

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला, वसतिगृहाच्या जिन्यात उभी होते. बाबा एवढंच म्हणाले, "मैना गेली." त्यांच्या मागे ट्रकांचा आवाज येत होता. बाबा कोरपन्याकडे एका सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत आणि आईही तिथेच असते. आत्या मात्र वडशाजवळच्या आमच्या गावातच राहिली. त्या सकाळी ती तलावावरून आली, जाळं दोरीवर टाकलं, भिंतीला टेकून बसली आणि उठलीच नाही. त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेच्या उत्तरांखेरीज मी आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही तलावात मासोळी धरणारी माणसं. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरलं की आमचा सगळा मोहल्ला एकाच दिवशी तलावात उतरतो आणि जाळी ओढतो. निघालेली मासोळी कुणी आपापल्या घरी नेत नाही. ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणतात आणि पळसाच्या पानांवर तिचे वाटे टाकतात, एका चुलीला एक वाटा. रोहू, कतला, एखादी मरळ आणि वर मूठभर झिंगे. कितीही नीट टाकले तरी एखादा वाटा थोडा मोठा दिसतोच. म्हणून वाटणीची आमची एक रीत आहे. एक माणूस वाट्यांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा कुठल्याही एका वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मोहल्ल्यातल्या एका चुलीचं नाव घेतो आणि तो वाटा त्या चुलीचा होतो. काठीवाल्याला नाव ठाऊक नसतं, नाव घेणाऱ्याला वाटा दिसत नाही, त्यामुळे भांडायला जागाच उरत नाही. आधी आमचे आजोबा असे उभे राहायचे, त्यांच्यानंतर आत्या. तिचा नवरा लवकर वारला होता. तेव्हा ती माहेरी परत आली आणि आमच्या घराला लागूनच तिने आपली खोली केली, वेगळी चूल मांडली.

लहानपणी मी तिच्या लुगड्याचा पदर धरून तिच्याजवळ उभी राहायची. समोर नुसतं पाणी, आणि आत्या डोळे अर्धे मिटून एकेक नाव घ्यायची. "महादूच्या चुलीचा... गिरजीच्या चुलीचा... बुधाजीच्या चुलीचा." कुणी मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं असायचं, कुणी बाळंतपणाला, कुणी दवाखान्यात. त्यांचीही नावं यायची. एकही सुटत नसे आणि एकही दोनदा येत नसे. मला वाटायचं, आत्याच्या पाठीलाही डोळे आहेत. स्वतःचं नाव मात्र ती कधीच घेत नसे. सगळ्यांची नावं झाली की जो वाटा उरेल तो तिचा. त्याच्यावर काठी ठेवायची नसते, की कुणी काही विचारायचं नसतं.

बाबा-आई कोरपन्याकडे गेले आणि आमच्या घराला कुलूप लागलं. मोहल्ल्याचा नियम असा की वर्षातून एकदा तरी जी चूल पेटली तिलाच वाटा. तेव्हा आत्याने काय करावं? मासोळी धरायच्या आदल्या दिवशी ती आमचं कुलूप काढायची, अंगण झाडायची, आमच्या चुलीत काड्या घालून काळा चहा मांडायची आणि सगळ्यांना दिसेल असा दारात बसून प्यायची. येणारे-जाणारे हसायचे. "का मैनाबाई, भावाच्या घरी पाहुनी आली का?" ती म्हणायची, "हो ना बाप्पा. भाऊ घरी नाई, तं चुलीनंच चहा पाजला मले." दुसऱ्या दिवशी आमचं नाव घेताना तिचा आवाज जराही वेगळा नसे.

मी बी.ए.ला भूगोल घेतला. वस्त्यांचा धडा सुरू झाला तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं, की गावाला जनगणनेत शहर म्हणायचं तर तीन गोष्टी लागतात. लोकसंख्या किमान पाच हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी चारात तीन शेतीबाहेरच्या कामावर, आणि एका चौरस किलोमीटरमध्ये किमान चारशे माणसं. नगरपंचायत किंवा नगरपालिका झालेली गावं वेगळी, ती कायद्यानेच शहर. लाखाच्या वर गेलं की पहिल्या वर्गाचं शहर, दहा लाखांच्या वर महानगर. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी मात्र पेन हातात धरून बसून राहिले. एवढा मोठा देश, त्यातली एकेक वाडी, एकेक माणूस कुणीतरी दारात जाऊन विचारतं आणि त्यातून ठरतं, की हे गाव आणि ते शहर. मला आत्याच आठवली.

सुट्टीत तिला हे सांगितलं तेव्हा ती जाळ्याची फाटलेली घरं विणत होती. पाच हजार ऐकून तिचा हात थांबला. "एवढ्यायची नावं कोन घेते वं?" मी म्हटलं, नावं घेत नाहीत, आकडा घेतात. ती म्हणाली, "आनं मानसायचंच काम पायतेत? बायायचं नाई?" मी म्हटलं, या हिशोबात नाही. "मंग मी तं गावातबी नाई आनं शहरातबी नाई," म्हणून ती इतकी हसली की सुई खाली पडली. मासेमारी शेतीत धरायची की शेतीबाहेर, हे सरकारनेही एकदा बदललं आहे, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाली, "पान्यातलं शेत म्हनाव त्यायले." मग मी तिला मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगितली. जनगणनेत कुटुंब म्हणजे एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आत्याचा चेहरा उजळला. "म्हंजे सरकारबी चूलच मोजते?" हो म्हटलं. तिने खाली पडलेली सुई उचलली. "दिल्लीतबी?" म्हणाली. "तिथीबी कोनी तरी चुली मोजून राह्यलं?" त्या दिवशी आम्ही दोघीही सारख्याच थक्क झालो होतो.

एकदा ती मला भेटायला वडशाहून गाडीने चंद्रपूरला आली. हे लाखाच्या वरचं शहर, असं मी तिला बसस्टँडजवळच्या चौकात उभी करून दाखवलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि देवळात उभं राहावं तशी उभी राहिली. रिक्षा, दुकानं, शाळा सुटलेली मुलं. मला वाटलं, घाबरली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "बाप रे... याह्यचे वाटे टाकाचे तं पाळ किती लांब लागन!" पुढे दिवसभर ती दिसेल त्याला नाव विचारत होती. चहावाल्याला, वसतिगृहाच्या बाईंना, माझ्या मैत्रिणींना. मैत्रिणींची नावं शेवटपर्यंत तिच्या लक्षात होती. फोनवर ती एकेकीचं नाव घेऊन विचारायची.

मागच्या वर्षी मोहल्ल्याची बैठक झाली, तेव्हा मी गावीच होते. आमचं गाव वाढलं आहे. धानाच्या गिरण्या झाल्या, रस्त्याच्या कडेने वस्ती झाली, आता नगरपंचायत होणार असं लोक बोलतात. मोहल्ल्यातही नवी लग्नं झाली, नव्या चुली पेटल्या, आणि तलाव मात्र तेवढाच आहे. सुरेश नावाचा तरुण मुलगा उभा राहिला. तो वाईट नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत. तो म्हणाला, "बाहेर गेले त्यायचे वाटे बंद करा. मैनाबाई, तुमचा भाऊ सिमेंट खाते, त्याले मासोळी कायले?" लोक हसले. आत्या म्हणाली, "सिमेंट खाऊन घसा वाळला असन ना रे त्याचा." लोक आणखी हसले, सुरेशही हसला, पण खाली बसला नाही. "एक दिवस चहा मांडल्यानं घर होते का, बाई?" तेव्हा आत्या गंभीर झाली. "पोरा, मी पाठ करून उभी राह्यतो. मले कोनी दिसत नाई. इथी असला तोबी नाई, कोरपन्याले असला तोबी नाई. मंग मी कोनाले गाळू?" शेवटी मोहल्ल्यातले वडीलधारे दामाभाऊ म्हणाले, "मैनाबाई हाये तोवर चालू द्या. मंग पाहू."

ते "मंग" इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मासोळी धरायची होती. बाबांना रजा मिळाली नाही. फोनवर म्हणाले, "जाऊन पाय. नाव आलं नाई तं भांडू नोको, निंगून ये." मी आदल्या दिवशीच पोचले आणि कुलूप काढलं. चुलीत मागच्या वर्षीची राख तशीच होती. चहा मांडला, दारात बसून प्यायले. रस्त्यावरून जाणारं कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलंही नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पाळीवर वाटे टाकून झाले. काठी सुरेशच्या हातात होती. तलावाकडे तोंड करून कोण उभं राहणार ते ठरलं नव्हतं. दामाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मैनाबाईच्या पदराले धरून तूच होती ना वं. राह्य उभी." आमची चूल वाट्यांत धरली आहे की नाही, हे ते बोलले नाहीत आणि मला विचारवलं नाही. मी जाऊन उभी राहिले. समोर पाणी, मागे सगळा मोहल्ला. पहिलं "हा कोनाचा?" आलं. मग महादूकाकाचं नाव निघालं, त्यामागून गिरजीचं, आणि मग ती नावं आपोआप येत गेली, तिच्याच क्रमाने, तिच्याच चालीने. सुरेशचं नाव घेतलं, त्याच्या धाकट्या भावाच्या नव्या चुलीचं घेतलं. मिरचीला गेलेल्यांची घेतली. पाठीमागे एवढी माणसं उभी आहेत हे मला अंगावर ऊन पडावं तसं जाणवत होतं. आत्या इतकी वर्षं हे पाठीवर घेऊन उभी राहत होती, हे मला तेव्हा कळलं.

नावं संपली. आता एखादा वाटा उरला असेल तर तो नाव घेणारीचा, म्हणजे आमचा. मी वळणार, तेवढ्यात काठी टेकल्याचा आवाज आला. सुरेश म्हणाला, "हा कोनाचा?"

माझ्याजवळ नाव उरलं नव्हतं. आत्याची चूल या वर्षी पेटली होतीच की... माझ्या आठवणीत कुणीही पाळीवर न घेतलेलं ते नाव मी घेतलं. "मैनाबाईच्या चुलीचा."

मागे सुरेशने काठी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. पळसाच्या पानावर अजून एक वाटा होता, आणि तो कोणाचा हे कुणीही विचारलं नाही.