पहिल्या पानावरचा पेढा

त्या वर्षी डिचोलीच्या बाजारात कुठल्याही न्हाव्यापुढे जाऊन बसा, तो काही न विचारता भांग उजवीकडून पाडायचा. आमच्या भागातून निवडून आलेल्या नव्या मंत्र्याचा भांग उजवीकडे होता ना! गोवा राज्य होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. हा माणूस पहिल्यांदाच उभा राहिला, निवडून आला आणि पहिल्याच फटक्यात मंत्री झाला. तरणाबांड, हसला की गालाला खळी. पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे? तो सकाळी पेज घेतो की पाव-भाजी, त्याच्या शर्टाची कॉलर कोण शिवतो, लहानपणी सुट्टीत गावी आला की तो कुठल्या ओहोळात पोहायला शिकला, सगळं छापून यायचं. शिंपी तसल्या कॉलरी शिवू लागले. आमच्या शेजारणीने तर देवीच्या कॅलेंडरच्या बाजूला त्याचं कॅलेंडर लावलं आणि दिवा मधोमध ठेवला. म्हणजे दोघांनाही पोचावा!

हे सगळं छापायला पुरवणाऱ्यांत मीही होतो. आता लाज वाटते, पण होतो. चोवीस वर्षांचा होतो, एका मराठी दैनिकाचा गावाकडचा बातमीदार. आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहितो मराठी. त्यावरून त्या काळात गोव्यात काय काय झालं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, आमच्या घरात मात्र त्याचं कधी ओझं झालं नाही. मंत्री भाषणात कोकणीतून चार शब्द बोलायचा, मी मराठीत त्याचे चौदा करायचो. तो नुसता ‘बघतो’ म्हणाला तर मी ‘ठाम ग्वाही दिली’ असं लिहायचो. माझ्या नावानिशी बातमी आली की माझे पाय जमिनीला लागत नसत.

बाबांना त्याचं काही नव्हतं. ते शिरगावच्या खाणीवर स्टोअरमध्ये होते, निवृत्त झाल्यावर घरामागच्या चार माडांत आणि पोफळींत रमले. त्रेसष्ट वर्षांचा कमी बोलणारा माणूस. पण त्यांच्या डोक्यावर एक मोठं ओझं होतं, आणि ते उतरायला एकच वर्ष उरलं होतं.

झालं होतं असं. पाच वर्षांपूर्वी आईच्या पोटात गाठ निघाली. पणजीला नेऊन ऑपरेशन केलं, पण डॉक्टर काही खात्रीने बोलेनात. त्या रात्री बाबांनी शिरगावच्या देवीला नवस बोलला: ही घरी चालत आली तर पाच वर्षं धोंड होईन. आई चालत आली. धोंड म्हणजे देवीच्या जत्रेचे व्रतकरी. जत्रेआधी पाच दिवस घर सोडायचं, गावच्या धोंडांबरोबर मांडवात राहायचं, झरीवर न्हाऊन ओलेत्याने आपला स्वयंपाक आपण रांधायचा, तोच खायचा. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा नाही. आणि जत्रेच्या पहाटे हातात गोंडे लावलेला वेत घेऊन पेटत्या निखाऱ्यांवरून चालून जायचं. बाबा चार वर्षं चालले. ते पाचवं.

दर वर्षी जत्रेहून परतले की आई त्यांना पायरीवर बसवायची. कोणाला हात लावू द्यायची नाही. घंगाळात ऊन पाणी घेऊन ती त्यांचे पाय धुवायची. बोटांच्या बेचक्यांतली राख सुटली की पाणी काळंभोर व्हायचं. मग तळव्यांना खोबरेल लावत विचारायची, “चड भाजूंक ना मू?” आणि बाबा म्हणायचे, “ना गो.” खूप नाही ना भाजलं, आणि नाही गं. एवढंच बोलणं. ते झालं की मगच चहा.

पाचव्या वर्षी जत्रेच्या आदल्या सकाळी मंत्र्याचा दौरा निघाला. पणजीहून फोटोवाले येणार होते. मला त्याच्या माणसाने विचारलं, “तुमच्या गावात फोटो चांगला कुठं होईल?” मी म्हटलं, धोंडांच्या मांडवात! आंब्याखाली झावळ्यांचा मांडव, उघड्या अंगाचे धोंड, रंगीत गोंड्यांचे वेत. याहून चांगला फोटो कुठं मिळणार? आणि मनात दुसरंही होतं, ते कशाला लपवू. तिथं माझे बाबा होते. मंत्र्याला सांगता येणार होतं, हे माझे वडील. सगळ्या गावासमोर.

दोन जीपगाड्या आल्या. मागोमाग अर्धा गाव. मंत्री उतरला, खळी पडली, बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. मांडवाच्या दोरीपाशी तो थांबला, निदान तेवढं त्याला कळत होतं. मी बाबांना हाक मारली. ते दोरीच्या आत उभे राहिले, हात जोडून. मी म्हटलं, “साहेब, हे माझे वडील. यंदा पाचवं वर्ष.”

“अरे वा!” मंत्री म्हणाला. कोणीतरी मागून त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, मंत्री झाल्याचे पेढे तेव्हा अजून वाटले जात होते. त्याने एक पेढा उचलला. फोटोवाला ओरडला, “साहेब, भरवा! काकांना भरवा!”

सांगतो, त्या क्षणी मांडवातल्या सगळ्या धोंडांनी श्वास धरला. बाजारचा पेढा, दुसऱ्याच्या हातचा, व्रताच्या पाचव्या दिवशी! आमच्याकडच्या शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल, चालत नाही म्हणून. मंत्री शहरात वाढलेला, त्याला ठाऊक नसेल. किंवा असेलही, पण कॅमेऱ्यासमोर विसरला असेल. मला ठाऊक होतं. माझ्या तोंडातून दोन शब्द निघायला हवे होते: साहेब, नको. मी फोटोवाल्याच्या पाठीमागे नुसता उभा होतो. मंत्र्याचा हात पुढे झालाय, अख्खा गाव बघतोय, मीच त्याला बोलावलाय, आता मागे कसा घ्यायला लावू?

बाबांनी क्षणभर बघितलं. मग तोंड उघडलं.

फोटोवाला म्हणाला, “फ्लॅश पडला नाही. परत एकदा, साहेब!” आणि उरलेला अर्धा पेढाही गेला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. जीपगाड्या धुरळा उडवत पुढच्या गावाला गेल्या.

बाकीचे धोंड बाबांभोवती जमले. म्हणाले, झरीवर चल, न्हाऊन घे, मुद्दाम नाही खाल्लास, देवी समजून घेईल. बाबांनी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि म्हणाले, “ती घेईल रे समजून. माझाच पाय उचलणार नाही.”

तरी ते सगळ्यांबरोबर शिरगावला गेले, कारण गेले नसते तर घरी कळलं असतं. पहाटे निखारे पसरले, आमच्या गावचे धोंड देवीच्या नावाने ओरडत एकामागून एक चालून गेले. बाबा गर्दीत माझ्या बाजूला उभे होते. वेत त्यांनी दुसऱ्याकडे दिला होता. निखाऱ्यांचा उजेड तोंडावर घेत ते म्हणाले, “आवयक सांगूं नाका.” आईला सांगू नको. “नवस तिच्यासाठी होता. तिच्या जिवाला घोर लागेल. पुढल्या वर्षापासून मी परत पहिल्यापासून धरतो.”

परत पहिल्यापासून! कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत नव्हतं, हा त्यांचा त्यांनीच घातलेला दंडक. त्रेसष्टाव्या वर्षी परत पाच वर्षं. मला रडू आलं. मी म्हटलं, “बाबा, चूक माझी.” ते म्हणाले, “चल, तहान लागली.”

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. दौऱ्याच्या दिवशी दुपारीच, म्हणजे जत्रेला निघण्याआधी, मी बातमी पाठवून दिली होती. फोटोखालची ओळ मीच लिहिली होती: ‘लाडक्या नेत्याच्या हातून पेढा खाताना वृद्ध धोंडाला आनंदाश्रू अनावर.’ माझ्या बापाचे डोळे कशाने भरले ते मी बघितलं होतं, आणि तरी मी ते लिहिलं.

आम्ही जत्रेहून घरी पोचलो तोवर पेपर येऊन पडला होता. पहिल्या पानावर, चार कॉलम. पाव विकणारा पोदेर टोपली सायकलवरून न उतरवताच ओरडत आला होता म्हणे, “तुमचे बाबा पेपरात!” अंगणात माणसं जमली होती. मी पेपर हातात घेऊन उभा राहिलो, लोक पाठ थोपटत होते. बरोबरच्या धोंडांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं; पेढा खाल्ल्यावर बाबा झरीवर न्हाऊन मग निखाऱ्यांवरून चालले, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पायरीवर आईने घंगाळ आणलं होतं, बाबांचे पाय धूत होती. मी तिकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. फक्त ऐकलं.

“चड भाजूंक ना मू?”

“ना गो.”

पुढचा महिनाभर आमचं घर म्हणजे प्रदर्शन झालं. पाहुणे येत, बाबांना बघत. बाजारातल्या मिठाईवाल्याने तो फोटो दुकानात चिकटवून वर पाटी लावली, ‘हाच तो पेढा’. पेढा त्याच्या दुकानचा नव्हताच! आईने कात्रण डिचोलीला नेऊन काचेत बसवून आणलं आणि पुढच्या खोलीत लावलं. बाबा त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसत. मी मंत्र्याबद्दल लिहिणं हळूहळू सोडलं, पाण्याचे नळ आणि मोडलेले साकव यांवर लिहू लागलो. त्या बातम्यांसाठी कोणी पाठ थोपटत नाही. बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी बाबा परत निघाले. मला वाटलं, आई विचारणार, पाच झाली, आता कशाला? तिने काही विचारलं नाही. पंचा, तांब्या, तांदूळ, सगळं बांधून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी बाबांचा गुडघा सुजला, तरी गेले. तोवर मंत्र्याचं मंत्रिपद गेलं होतं, पक्षही बदलला होता, न्हाव्यांनी भांग परत डावीकडे नेले होते. लोक आईला सांगत, “तो फोटो काढ गो आता, कोण बघतंय त्याला?” ती म्हणायची, “राहू दे. खिळा तसाच दिसेल.”

अडुसष्टाव्या वर्षी बाबांनी पाचवी फेरी पुरी केली. लंगडत घरी आले. आईने पाय धुतले, पाणी काळंभोर झालं. तेल लावताना तिने तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. त्यांच्या दोन्ही पावलांवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “फिटलें.” मला तेव्हा वाटलं, दर वर्षीची काळजी संपली म्हणून रडली असेल.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, फोटोची चौकट खिळ्यासकट खाली आली. काच फुटली. मी कात्रण उचललं, मंत्र्याचा चेहरा वाळवीने खाल्ला होता. मी म्हटलं, “आई, हा आता टाकून देऊ.” आणि इतक्या वर्षांनी माझं मला राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. पेढा, निखारे, परत पहिल्यापासून, सगळं. माझी चूक म्हणून.

ती ऐकत होती, तांदूळ निवडता निवडता. म्हणाली, “म्हाका खबर आसा.”

“माहीत आहे? कधीपासून?”

“त्याच सकाळपासून. घंगाळातलं पाणी तांबडं झालं होतं. नुसती खाणीच्या रस्त्याची माती. राख कुठं होती?”

“आणि तरी तू विचारलंस, खूप भाजलं नाही ना म्हणून?”

“नाही विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं, मला कळलं म्हणून.”

पाच वर्षं तिने तांदूळ बांधून दिले होते, सगळं ठाऊक असून. पाचही वर्षं ती मनात मोजत होती आणि तो माणूसही मोजत होता, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही. मी त्या दोघांच्या मध्ये राहत होतो, बातमीदार म्हणून मिरवत, आणि मला बातमी नव्हती.

“मग हा फोटो का लावलास, आई? त्यांना तो रोज बघावा लागला.”

तिने सूप खाली ठेवलं. कात्रण माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर केला आणि बाबांच्या तोंडावर बोट ठेवलं.

“बघ. पेढा तोंडापाशी आहे. पण ते कुणाकडे बघतायत? त्या माणसाकडे? बघ नीट.”

मी बघितलं. तीस वर्षं मी तो फोटो बघितलाच नव्हता. बाबांची नजर मंत्र्याकडे नव्हती, पेढ्याकडेही नव्हती. सरळ समोर होती, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे, वर.

“तू कुठं उभा होतास?” आईने विचारलं.

मी फोटोवाल्याच्या पाठीमागे होतो. तिला उत्तर नको होतं.

“तुजो मान उरचो म्हूण खाल्लो तो पेढो,” ती म्हणाली, आणि परत तांदूळ निवडायला लागली. तुझा मान राहावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीला जाऊन नवी काच घालून आणली.