जागा धरून बसलो ते दिवस

२०२० साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि नुसतं बसून राहायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. त्याआधी बसणं माहीत नव्हतं. माण तालुक्यात जन्मभर गवंडीकाम केलं. शाळा तिसरीपर्यंत. एका सुगीला घरच्यांनी रानात ठेवलं, मास्तरांनी पटावरून नाव कमी केलं, ते परत लावायला बापाला सवड झाली नाही. संपली शाळा. लिहिता येतं मला, पण विटा रचल्यासारखं, एक ठेवायची मग दुसरी. वाचणाऱ्यानं जरा दमानं घ्यावं.

त्या साली फेब्रुवारीत मी मुलाकडं कतारला आलो. मुलगा रास लफानला गॅसच्या प्लांटवर, शिफ्टची नोकरी. सूनबाई दोह्यात इस्पितळात नर्स. नात एकच, तिसरीत जाणारी. ऊन तापायच्या आत परत जायचं ठरलं होतं. नातीशी माझं बोलणं असं चालायचं की मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि दोघांनी मान हलवायची. तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

तिच्या शाळेशी माझी पहिली गाठ भांडणानं पडली. शाळा घरापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणलं, एवढ्याला बस कशाला, मी सोडतो. फाटकावर वॉचमननं पोरीला आत घेतलं आणि मला अडवलं. गळ्यात कार्ड नाही म्हणे. मी माझ्या हिंदीत सांगितलं, पोर वर्गात बसलेली बघणार, मगच हलणार. तो ऐकेना, मी हलेना, मागं गाड्यांचे हॉर्न. तिथं एक बाई उभी होती. साधा पंजाबी ड्रेस. पोरांच्या पडलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलून देत होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून गुड मॉर्निंग म्हणत होती. मला वाटलं, आया असंल. मी तिलाच फर्मावलं, मोठ्या बाईंना बोलवा.

ती मराठीत म्हणाली, “मीच आहे. बोला आजोबा.”

प्रिन्सिपल निघाली, आणि वर मराठी, वसईची. मी माझं म्हणणं परत मांडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “या फाटकाच्या आतलं पोर माझं, बाहेरचं तुमचं. तुम्ही माझ्या हद्दीत येऊ नका, मी तुमच्या येत नाही.”

हसून म्हणाली, पण म्हणाली. ज्यानं दुसऱ्यांच्या घरांचे उंबरे बसवले त्याला एक बाई उंबरा दाखवते, हे मला लागलं. दुसऱ्या दिवसापासून नातीला परत बसमध्ये घातलं आणि त्या फाटकाकडं गेलो नाही.

मार्चमध्ये ते फाटकच बंद झालं. रोग आला. विमानं बंद झाली, माझं परतीचं तिकीट कागद होऊन पडलं. गॅसचा प्लांट बंद ठेवता येत नाही म्हणून कंपनीनं माणसं आतच ठेवून घेतली, त्यात मुलगा अडकला. सूनबाईला त्या रोगाच्याच वॉर्डात घातलं, आणि घरी लागण नको म्हणून इस्पितळानं तिची सोय हॉटेलात केली. अधूनमधून ती किराणा घेऊन यायची, पिशवी खाली बिल्डिंगच्या वॉचमनजवळ ठेवायची आणि समोरच्या पार्किंगमध्ये उभी राहून हात हलवायची. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हात हलवायचो. मग ती जायची. वर फ्लॅटमध्ये एक म्हातारा आणि एक पोर.

शाळा लॅपटॉपवर आली. तो कसा लावायचा हे नातीला येत होतं, मला फक्त तिला वेळेवर उठवायचं होतं. सकाळी सातला पडद्यावर पहिल्यांदा कोण दिसायचं, तर त्या मोठ्या बाई. घरातून नाही बोलायच्या. रोज शाळेच्या त्या बंद फाटकापुढं जाऊन उभ्या राहायच्या, तोंडाला मास्क, मागं रिकामा रस्ता. कुणीतरी मोबाइल धरायचं. बाई हात वर करायच्या, गुड मॉर्निंग म्हणायच्या, आणि आपापल्या घरातून पोरं हात वर करायची. मग आपापले वर्ग सुरू. मी लांबून बघायचो आणि मनात म्हणायचो, बंद फाटकाची राखण कशाला करते ही.

मे महिन्यात सूनबाईला ताप आला. तपासणीत तेच निघालं. तिला तिच्याच इस्पितळात ठेवून घेतलं. धाप लागायची, त्यामुळं फोन केला तरी दोन शब्द बोलायची, आणि कधी करील त्याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी.

तेव्हापासून नातीनं खिडकी धरली. घरात एकच चालता मोबाइल, तो हातात घेऊन ती खिडकीत पाय पोटाशी घेऊन बसायची, जिथून आई हात हलवताना दिसायची तिथं. तिकडं सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा होती, ती उठेना. मी समजावलं, दटावलं, आईला काय वाटंल म्हणून बघितलं. ती रडत रडत भराभर इंग्रजीत काहीतरी सांगत होती. मराठी तिला कळायची, पण रडताना ती मराठीत येत नव्हती. मला त्यातलं “नो आजोबा” तेवढं कळलं. माणूस आपल्या समोर बसून आपलं दुःख सांगतोय, आणि आपण गावच्या बैलासारखं बघत उभं. असलं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सात वाजत आले. मला एकच दिसत होतं, पटावरचं नाव. चार दिवस पोर दिसली नाही की मास्तर नावावर रेघ ओढतो, हे मी भोगलं होतं. आमच्याकडं एसटी लागली की गर्दीत जो पुढं पोचतो तो खिडकीतून टॉवेल टाकतो. टॉवेल पडला की ती जागा धरली, मग माणूस सावकाश आला तरी चालतो, त्यावर दुसरा बसत नाही. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि लॅपटॉपपुढं नातीच्या खुर्चीत जाऊन बसलो. तिनं चालू करून ठेवलेला होता, तेवढं तिनं केलं होतं. म्हणलं, टॉवेल नाही तर नाही, म्हातारा तर आहे.

वर्गाच्या बाई कोवळ्या वयाच्या, केरळच्या. हजेरीला नातीचं नाव आलं. मी मोठ्यानं म्हणलं, “हजर.”

पडद्यावर सगळ्या चौकटी हसायला लागल्या. एका पोरानं आपल्या आईलाच बोलावून मला दाखवलं. बाई अंकल, प्लीज, अंकल म्हणत राहिल्या, पुढचं मला कळलं नाही. मी पाठ ताठ ठेवून बसून राहिलो. गणित झालं, विज्ञान झालं, मी बसलो. सोमवारी परत. मंगळवारी पोरांनीच हजेरीला माझ्याआधी “हजर, हजर” असा कालवा केला. मी हललो नाही.

मंगळवारी वर्ग सुटला, एकेक चौकट विझत गेली आणि एकच उरली. मोठ्या बाई. मला वाटलं, आली रेघ ओढायला.

त्यांनी नमस्कार केला आणि नात कुठं आहे विचारलं. मी सांगितलं, जरा कणकण आहे, झोपलीय. आणि आई? ड्युटीवर. खरं सांगायची माझी तयारी नव्हती. कुणाच्या घरात तो रोग निघाला की माणसं काय करतात ते गावाकडच्या बातम्यांतून कळत होतं. त्यात हा परमुलूख. पोरीला आणि मला उचलून वेगवेगळीकडं ठेवलं तर? त्यांनी पुढं खोदलं नाही. एवढंच विचारलं, “आज काय केलंत जेवायला?”

“भाजीभाकरी,” मी म्हणलं. खरं तर भाकरीचं पीठ संपलं होतं, मी केलेला भात खाली लागला होता आणि पोरीनं बिस्किटाशिवाय कशाला हात लावला नव्हता.

बुधवारीही वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. तोच प्रश्न, काय केलंत जेवायला. मी परत भाजीभाकरी म्हणलं.

त्या म्हणाल्या, “आजोबा, दोन दिवस तीच भाजी?”

त्यात टोमणा होता की माया, कोण जाणे. पण माझा तोल गेला. आजवर ज्या माणसानं मजुरीसुद्धा हात पसरून मागितली नाही, तो त्या यंत्रापुढं बोलत सुटला. सूनबाईचा ताप, मुलगा आत अडकलेला, आई पार्किंगमध्ये उभी दिसायची ती खिडकी पोर सोडत नाही, फोन हातातून ठेवत नाही, वर्गातून मधेच उठता येत नाही, मी बसले आणि तेवढ्यात आईचा फोन आला तर, या धाकानं ती शाळेत बसत नाही, हे बोलता बोलता माझं मलाच कळलं. शेवटी म्हणलं, “नाव तेवढं कापू नका. मी बसतो रोज.”

बाई म्हणाल्या, “नाव कुणाचंच कापलं जाणार नाही. तेवढं माझ्या हातात आहे. बाकी माझ्या हातात काही नाही, आजोबा. तिच्या आईला मी आणू शकत नाही, तुमच्या मुलालाही नाही.” आणि पडदा काळा झाला.

मला राग आला. मनात म्हणलं, एवढं बोलून घेतलं आणि हे सांगायला थांबली होती. सूनबाईला हे सगळं मी अजून सांगितलेलं नाही, आता इथं वाचील.

त्या दिवशी दुपार कलताना मशिदीत अस्राच्या नमाजाची बांग होते, तिच्यानंतर नातीनं खिडकीतून हाक मारली, “आजोबा, कम.” आवाज निराळा होता. मी जाऊन बघितलं. खाली पार्किंगमध्ये, सूनबाई उभी राहायची बरोबर त्याच जागी, मोठ्या बाई उभ्या होत्या. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं, डांबर डोळ्यांत जात होतं. मास्क, तोच साधा ड्रेस, आणि हात वर. शाळेच्या फाटकात धरायच्या तसाच. फोन केला नव्हता. पोरीच्या हातातला फोन अडू नये म्हणून केला नव्हता, हे त्या नंतर बोलल्या.

नात बघत राहिली. बाईंचा हात खाली येईना. शेवटी नातीनं काचेला हात लावला. मग बाईंनी हात खाली घेतला.

मी जिना उतरून गेलो. वॉचमननं मला लांब उभं केलं, मध्ये एक गाडी मावेल एवढी जागा. गेल्या गेल्या माझ्या तोंडून निघालं, “बाई, ही माझी हद्द. तुम्ही येणार नव्हता.”

“आता फाटक कुठंय, आजोबा?” त्या म्हणाल्या. “सगळी पोरं बाहेरच आहेत.”

मग त्यांनी काय ठरवलंय ते सांगितलं. वर्गाच्या बाईंशी बोलणं झालं होतं. उद्यापासून नातीनं वर्गात बसायचं, फोन माझ्याकडं. फोन वाजला की मी हाक मारायची, नातीनं उठून जायचं, आणि ती परत येईपर्यंत वर्ग थांबेल. सगळा वर्ग. कुणी पुढं शिकणार नाही.

मी विचारलं, आणि दुसऱ्या पोरांचं नुकसान? त्या म्हणाल्या, आणखीही वर्ग थांबवलेत, या शाळेत आईबाप इस्पितळात असलेली ही एकटी नाही. किती आहेत ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढं कळलं की या पार्किंगसारखी अजून पार्किंगं त्या उन्हात त्यांनी बघितली असणार.

जाताना मी विचारलं, घरचं सगळं ठीक ना. “आई आहे वसईला,” त्या म्हणाल्या. “एकटीच. विमान सुरू झालं की जाईन, इन्शाल्ला.” आणि दुसरीकडं बघितलं.

आमच्याकडं दारात आलेलं माणूस पाण्याशिवाय परत जात नाही. वैऱ्यालाही तांब्या देतात. आणि ही बाई भाजून निघालेली, माझ्यासमोर उभी, आणि मला तिला पाणी देता येत नव्हतं. वॉचमननं हातानंच नाही म्हणून दाखवलं. रोगाच्या त्या दिवसांत माझ्या हातचं पाणी तिनं घ्यावं हे शहाणपणाचंही नव्हतं. मी टोपी काढली, परत घातली. त्या गाडीत बसून गेल्या. वर आलो तर नात खिडकीतच होती, फोन हातातच. त्या दिवशी आईचा फोन आलाच नाही. मी नुसता तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. ती म्हणाली, “आजोबा, विल शी कॉल?” हे मला कळलं. मी चार्जर आणून तिच्या हातातल्या फोनला लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि रोजच्यासारखा खुर्चीत बसलो. पडद्यावर ते बंद फाटक आलं. बाईंनी हात वर केला. माझ्या मागं पाऊल वाजलं. नात उभी होती, केस विंचरलेले नव्हते, पण शाळेचा शर्ट घातलेला होता. तिनं फोन माझ्यापुढं धरला, पण सोडेना. मी म्हणलं, “वाजला तर पळत येतो. म्हातारा आहे, पण पळतो.” मग तिनं सोडला. एसटीत मालक आला की टॉवेल उचलतात, तसा मी खुर्चीतून उठलो, आणि तो फोन दोन्ही हातांत धरून खिडकीत तिच्या जागेवर जाऊन बसलो.