शपथ सुटली म्हण

आमचे हे आडात औषध टाकायचे. सरकारी भाषेत आरोग्य सेवक, गावात 'दवाईवाले साहेब'. चुडावा स्टेशनात उतरून पुढे बैलगाडीनं जायचं, अशा एका गावात आमची नेमणूक होती. 'आमची' म्हणते, कारण पगार त्यांचा असला तरी तिथला चिखल दोघांचा होता.

रोज सकाळी बादलीत पांढरी पावडर कालवायची, ती खाली बसली की वरचं नितळ पाणी गावच्या आडात सोडायचं, मग ओढा ओलांडून बौद्धवाड्याच्या आडात. पाण्याला वास मारतो म्हणून लोक नाक मुरडायचे. मीही मुरडायचे. ह्यांना त्याचं काही नव्हतं. आंघोळ, देवाला फूल आणि लगेच बादली, अशी त्यांची सकाळ. देवपूजा कुठं संपते आणि नोकरी कुठं सुरू होते, हे त्यांच्याकडे बघून कळायचं नाही. मला त्याचा कधी कधी वैतागही यायचा.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण लांब कुठल्याशा गावावरचा धूर आम्ही बघितला होता. आता ओढ्यापलीकडं कुणी जायचं नाही, असं पारावर बसणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांच्यातला एक ह्यांना हसत हसत म्हणाला, "साहेब, तुमी बाहेरगावचे. लेकराबाळाचे. कशाला तिकडं जायलाव?" तो हसत होता म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

भीती तिकडूनही होती. आधीच घाबरलेल्या वस्तीत कुणी गावातून आला आणि आडात पांढरं काही ओतायला लागला, तर ते काय समजतील? विषच समजतील. म्हणजे इकडून मार आणि तिकडूनही मार, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी हे बादली घेऊन निघाले, तशी मी तान्ह्या पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. ह्यांचा हात ओढून पोराच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "ओढ्यापलीकडं पाऊल टाकलं तर ह्याची शपथ हाय तुम्हाला."

आमच्याकडे शपथ घालणाऱ्यानंच ती सोडवायची असते. 'सुटली' असं त्यानं तोंडानं म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आणि लेकराच्या डोक्याची शपथ मोडली तर ती लेकरालाच बाधते, हे आम्ही दोघंही मानत होतो. म्हणून तर मी ती घातली. देवाचं काम करायला निघालेल्या माणसाला अडवायला मी देवच पुढे केला. एवढी अक्कल मला बरी सुचली.

हे रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मला अजून कुणी हरवलेलं नाही. पण ते रागावले नाहीत.

"भ्या मला बी वाटायलंय," ते म्हणाले. "पण देवाला म्हणलं, तू माझ्यासंगं आडापर्यंत चल, ओतायचं माझ्याकडं लागलं. सुटली म्हण."

मी म्हटलं नाही.

ते गावच्या आडात औषध टाकून आले आणि अर्धी बादली शेजारी ठेवून ओट्यावर बसले. जेवायला वाढलं, जेवले. पोराला खेळवलं. अधूनमधून माझ्याकडे नुसतं बघायचे, आणि मी काहीतरी निवडायला घ्यायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. मी देवापुढे बसून 'ह्यांना सांभाळ' म्हणत होते. खरं तर सांभाळायचं काम मी देवाकडे दिलंच नव्हतं. ते मीच हातात धरून बसले होते आणि त्याला नुसतं बघायला बोलावलं होतं.

तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर बायका बोलत होत्या. वस्तीत हगवण-उलटी लागली होती आणि तीन वर्षांची एक पोरगी पहाटे गेली होती. माझं दळण अजून व्हायचं होतं. ते तसंच सोडून मी घरी आले.

हे ओट्यावरच होते. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं आणि त्याच दमात म्हटलं, "सुटली." ते उठले. घरातलं मीठ-साखर पिशवीत घातलं, बादली उचलली आणि निघाले. मीही पोराला घेऊन मागोमाग निघाले. घरात बसून राहायची मला लाज वाटली.

पारावरचे बघत राहिले. कुणी अडवलं नाही, कुणी आवाजही दिला नाही. ज्या माराच्या धास्तीनं मी ह्यांना बसवून ठेवलं होतं, तो मार द्यायला कुणी उठलंच नाही. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्तीच्या आडाजवळ एक म्हातारी बसली होती. गेलेल्या पोरीची ती आजी. ह्यांना बघून उठली.

"दोन रोज कुठं होते साहेब? आमी लय वाट बघितली."

वाट बघितली! विष समजतील म्हणून मी ज्यांना भ्यायले होते, ती माणसं आमच्या औषधाची वाट बघत होती.

"चुकलं माझं, आजी," हे म्हणाले. "यायला पायजे होतं."

ते पुढे होऊन बादलीतलं औषध आडात सोडायला लागले. माझ्याच्यानं राहवलं नाही. "ह्यांचं नाही चुकलं. ते निघालेच होते. मी शपथ घातली, ह्या लेकराची."

तिनं माझ्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. शिव्या दे, थुंक, काहीही कर, असं मी मनात म्हणत होते. ती जवळ आली. हात उचलला, पण पोराला लावला नाही, मागे घेतला.

"ह्याला कशाला आणलं हितं? लागण हाय. घरी न्या ह्याला, हातपाय धुवा," ती म्हणाली. "अन् साहेबाला रोज धाडत जा."

मी परत फिरले. तिच्या घरातलं लेकरू गेलं होतं आणि ती माझ्या लेकराला जपत होती.

औषध वेळेवर पडलं असतं तर ती पोरगी वाचली असती का, मला माहीत नाही. हे म्हणायचे, लागण आधीचीच असेल. ते माझ्यासाठी म्हणायचे, म्हणून मला ते पटायचं नाही.

त्या गावात आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. बदली मागायची नाही, असं मीच म्हटलं. पावडर मीच कालवायला लागले. भीती गेली नव्हती. 'माझ्याच्यानं होत नाही, आता तू बघ,' असं देवाला म्हणून मी बादली ह्यांच्या हातात द्यायचे. नंतर नंतर मीही वस्तीत जायला लागले, बायकांना मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं. ती आजी मला ओट्यावर बसवून घ्यायची, चहा द्यायची. मी तो प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. पण तिच्या नातीचं नाव काय होतं, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.