निदानातलं दान

खोडताईला हे नाव कचेरीने दिलं. दुसऱ्याने केलेल्या कामातली खोड काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, ही तिची नोकरी. घरात हीच विद्या दाखवणाऱ्या सुनेला लोक माहेरी धाडतात. इस्पितळाच्या तळमजल्यावर, संगणकाच्या खोलीत, तिला मात्र त्यासाठी पंख्याखालची खुर्ची मिळाली होती.

काम समजायला सोपं. इस्पितळाची माहिती यंत्रात तक्त्यातक्त्यांनी ठेवलेली. एका तक्त्यात औषधं, एकात खाटा, एकात कुणाला काय आजार आहे ते. तक्त्यांची नावं आपल्याच अक्षरात हवीत, असा पहिल्या साहेबांचा हट्ट होता, म्हणून तशीच. तक्त्याचं नाव घालून प्रश्न टाकला की उत्तर समोर. आता त्यात एक नवा तक्ता यायचा होता, इतकी वर्षं कपाटात कुलपाखाली असलेला. नाव ‘दान’. कुणी कुणाला आपलं मूत्रपिंड दिलं, कुणी यकृताचा तुकडा दिला, ती नावं त्यात. ती कुणाला दिसायची नाहीत. म्हणून यंत्रातच एक पहारेकरी बसवला. येणारा प्रश्न आधी त्याने वाचायचा आणि त्यात ‘दान’ दिसलं की दारातूनच परत लावायचा.

पहारेकरी लिहिला शॉर्टकटने, हेही नाव कचेरीचंच. पन्नाशीचा माणूस, पण जिना दिसला की कठड्यावरून घसरेल असा. त्याच्या पहिल्या पहारेकऱ्याने ‘रक्तदान’ विचारणाऱ्यालाही हाकललं. खोडताईने ते लगेच पकडलं. मग शॉर्टकटने शिकवलं, की ‘दान’ हा सुटा शब्द असेल तरच अडव. ताईने ‘रक्तदान’ घालून पाहिलं, ‘नेत्रदान’ घालून पाहिलं, दोन्ही सुखरूप आत गेले. नुसतं ‘दान’ तिने चोराच्या वीस तऱ्हांनी विचारलं, मध्ये जागा सोडून, ओळ तोडून, आडून आडून. वीसही वेळा पकडलं गेलं. तिने सही केली.

त्या तक्त्याची तिला इतकी काळजी का, हे खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीचं नाव त्यात होतं. चार वर्षांपूर्वी आई जायला टेकली, तेव्हा धाकटीने तिला मूत्रपिंड दिलं. धाकटीची सासू आधीच बजावून बसली होती, "तुझं अंग आता या घरचं आहे. माहेरी वाटून आलीस तर हा उंबरा चढू नकोस." नवऱ्याने गुपचूप सही केली, पण स्वतःच्या आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. घरी सांगितलं, पोटात गाठ होती, काढली. आणि धाकटीचा दीर नेमका याच इस्पितळात, बिलांच्या खिडकीवर. त्याचं नाक तिखट. "वहिनी, पोटातली गाठ कुशीतून काढतात होय?" असं तो अजूनही जेवताना मध्येच विचारायचा, आणि धाकटीच्या हातातला घास हातातच राहायचा.

सकाळी दहाला तक्ता आणि पहारेकरी दोन्ही एकदम चालू झाले. सव्वादहाला फोन वाजला, मग वाजतच राहिला. कुठल्याच वॉर्डात डॉक्टरांना रोग्याचा आजार दिसेना. आजारांच्या तक्त्याचं नाव होतं ‘निदान’.

खोडताईने तपासलेल्या शब्दांची यादी पुन्हा काढली. रक्तदान पाहिलं, नेत्रदान पाहिलं, आणि शंभरातले नव्वद प्रश्न ज्याला जातात तेच राहिलं!

साहेब खाली आले. "अहो ताई, सगळ्या जगाच्या खोडी काढता. निदान ‘निदान’ तरी तपासायचं होतंत!"

शॉर्टकटला हसू आलं. ताईने बघितल्यावर ते त्याने गिळलं.

"सुटा शब्द असेल तरच अडवतो म्हणालात ना?" तिने त्याला विचारलं.

"तसंच लिहिलंय. तुम्हीच पास केलंत."

"सही माझी, पण अक्कल तुमची ना? मग घोडं पेंड कुठे खातंय?"

दोघं शब्दामागून शब्द घालत बसले. ‘मतदान’ गेलं. ‘खानदान’ गेलं. ‘मैदान’ अडलं. ‘अनुदान’ अडलं. पहारेकरी वेडा म्हणावा तर तोच शब्द दहादा तसाच अडवत होता.

पावणेएकला वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण स्वतः धावत आली. "टेबलावर बाई आहे. तिला आधी काय झालं होतं ते मला दिसत नाहीये. भूल कशी देऊ?"

साहेबांनी ताईकडे पाहिलं. "नवा तक्ता काढायला तास जाईल. पहारेकरी बंद करावा लागेल. तुमची सही लागते."

"दहा मिनिटं द्या, साहेब."

"माझ्याकडे असती तर मीच दिली असती," डॉक्टरीण म्हणाली.

ताईच्या डोळ्यांपुढे एकीकडे धाकटीचा उंबरा, दुसरीकडे टेबलावरची ती बाई. ती कुणाची तरी आई असेल. आपल्या आईसाठी धाकटीने जे दिलं ते दिलं, आणि आपण इथे एक सही धरून बसायचं? तिने सही केली.

मग तिने यंत्र सोडलं आणि कागद घेतला. अडलेले शब्द एका बाजूला, सुटलेले दुसऱ्या बाजूला, शाळेतल्या पहिलीच्या पोरीसारखे मोठाल्या अक्षरात. मै-दान. अनु-दान. नि-दान. मत-दान. रक्त-दान. बोटाने एकेक अक्षर चाचपत गेली आणि बोट थांबलं.

"शॉर्टकट, जे अडतात त्यांच्यात ‘दान’च्या आधी मात्रा आहे, नाहीतर उकार, नाहीतर वेलांटी."

"‘नि’ची वेलांटी तर ‘न’च्या आधी येते."

"आपण काढतो आधी. यंत्र ठेवतं नंतर, तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या पहारेकऱ्याला वेलांटी हे अक्षरच वाटत नाही! त्याला तिथे मोकळी जागा दिसते. म्हणजे शब्द तिथे संपला, आणि पुढे सुटं ‘दान’."

शॉर्टकटने कपाळावर हात मारला. काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळ्यांना अक्षर मान, असं त्याने पहारेकऱ्याला सांगितलं. ताईने या खेपेस साठ शब्द घातले. घाईने एकही गाळला नाही. एक चाळीसला पहारेकरी पुन्हा दारात उभा राहिला. टेबलावरच्या बाईची शस्त्रक्रिया सुरळीत चालल्याचाही निरोप आला.

"जिंकलात, ताई," शॉर्टकट म्हणाला.

दार उघडं होतं त्या वेळात कोणी काय विचारलं, त्याची यादी ती वाचत होती. निदान, निदान, निदान, पानंच्या पानं. एक वाजून बावीस मिनिटांनी एकच ओळ निराळी. ‘दान’, मागच्या पाच वर्षांची सगळी नावं. विचारणारा, बिलांची खिडकी. उत्तर दिलं गेलं होतं.

ती जिन्याखाली गेली आणि धाकटीला फोन लावला.

"ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझ्या दिराने पाहिलंय. दार मीच उघडलं, माझ्या सहीने. का ते मग सांगेन, मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"ताई, तो सहाला सुटतो."

"म्हणून म्हणते. त्याच्या तोंडून जायच्या आत तूच सांग सासूला. मी येऊ का?"

"तू आलीस तर त्या म्हणतील, माहेर भांडायला आलं." धाकटीने आवाज खाली आणला. "त्या आत्ता निजल्यात. चारला उठतात. चहा दिला की सांगते."

"आणि काढलं बाहेर तर?"

"तर आईची खाट जरा भिंतीकडे सरकव," धाकटी म्हणाली. "मला जागा लागेल."