साडेबाराची नोंद

मुंबईत दंगल झाली तेव्हा मी भावाच्या खोलीवर आठ दिवस अडकलो होतो. पिंपात तांदूळ होते, पण रॉकेल संपलेलं. चौथ्या दिवशी आम्ही भिजवलेले पोहे खाल्ले. त्या आठ दिवसांत मी दिवसातून दहा वेळा स्वतःला बजावलं की पुन्हा कधी कोणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ द्यायची नाही.

मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत होतो, राहायला रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या दोन खोल्या. परत आल्याबरोबर दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले : धान्य, पाणी, जळण, मीठ, मासळी, उंची. सगळं जग बंद पडलं तरी सहा महिने तग धरेल असं गाव मला रोहा आणि पेण तालुक्यांत शोधायचं होतं. दर रविवारी बायकोला स्कूटरवर मागे बसवून मी गावं तपासत हिंडायचो. लोक विचारायचे, सर्व्हेचे सायेब काय? मी नाही म्हणत नसे.

कोलाडकडच्या गावांना गुण भराभर मिळत. कालव्याचं पाणी, उन्हाळी भात, वाल, डोंगराचं जळण. पण बायकोचा जीव जडला पेणच्या खाडीकाठच्या एका गावावर. तिथे एक म्हातारे काका भेटले होते. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, तळपायांना कायमच्या भेगा. घरचा लाल तांदूळ, घरचं मीठ आणि घरामागच्या तळ्यात पाळलेले जिताडे मासे. आमच्यासाठी त्यांनी वाडीतली जागाही दाखवून ठेवली होती. ती म्हणाली, "इथेच राहू या." मी वही दाखवली. उंचीला दहापैकी दोन गुण. देवळाचं टेकाड सोडलं तर सगळं गाव खाडीच्या पातळीला, मध्ये फक्त मातीचा बांध. ती फणकारली, "माणसं राहतात ना इथे?" मला तिचा राग आला. आकड्यांपुढे ती नेहमी माणसं आणते.

म्हणून मी मुद्दाम श्रावणातल्या अमावास्येचा दिवस निवडला. मोठं उधाण भर दुपारी येतं. गावाची खरी परीक्षा तेव्हाच होणार, असा माझा हिशोब. काकांनी जेवायलाच बोलावलं. माझ्या खांद्याला पिशवी होती : विजेरी, दोरी, शिट्टी, लाल फडकं, कोरडे कपडे आणि वही.

पानं मांडायच्या आधीच हाक आली. "खांड गेली! उघाडीपाशी खांड गेली!" उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं बांधातलं दार, आणि खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नाही. शेत कोणाचं, हे त्या गावात कोणी विचारत नाही. हाक आली की प्रत्येक घरातून एक तरी माणूस टोपली घेऊन पळत सुटतो. काका पेंढ्याचा भारा उचलून निघाले. काकींनी दुसरी टोपली काढली आणि बायकोला म्हणाल्या, "येतंस का गो?"

मी तिचा हात धरला. "वर चल. देवळापाशी."

"अहो, सगळी तिकडे चाललीत."

"म्हणूनच आपण इकडे."

तिने हात सोडवून घेतला. पदर खोचला आणि काकींच्या मागे बांधाकडे पळाली. मी एकटा टेकाडावर गेलो.

देवळापासून सगळं दिसत होतं. उघाडीपाशी माणसांची रांग लागली होती, चिखल हातोहात पुढे सरकत होता. मग उत्तरेकडे, बांधाच्या वळणापलीकडे, हिरव्या भातात एक मातकट रेघ दिसली. दुसरी खांड. लहानशीच. पाच-सहा टोपल्यांत बुजली असती. उघाडीपाशी असलेल्यांना ती दिसणं शक्य नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : दुसरी खांड, उत्तर बाजू, साडेबारा. पाणी भरायला किती वेळ लागतो, ते मला मोजायचं होतं. खरं सांगायचं तर आतून बरंही वाटलं. माझे दोन गुण बरोबर होते. शिट्टी पिशवीत, वहीच्या खालीच होती.

खाली त्यांना दुसरी खांड कळली तेव्हा दीड वाजून गेला होता. तोवर तिच्यातून बैलगाडी गेली असती. तिच्यामागचं पहिलं शेत काकांचं. त्यांचं तळंही फुटलं आणि जिताडे खाडीला मिळाले.

ओहोटी लागल्यावर सगळे अंगणात येऊन बसले. बायको डोक्यापासून पायापर्यंत चिखलात होती, ओळखूही येईना. काकांनी तिला विचारलं, "तुजा मालक वर व्हता न? ती दुसरी कवा फुटली, दिसलं काय त्याला?" तिने भाबडेपणाने माझ्या पिशवीतून वही काढली आणि मोठ्याने वाचलं. "दुसरी खांड, उत्तर बाजू, साडेबारा."

वाचून झाल्यावर तिला कळलं. तिने वही मिटली.

काका बराच वेळ पायाचा चिखल खरवडत राहिले. मग म्हणाले, "जागा हाय, नाय म्हनत नाय. पन पुडल्या उधानाला तुमी कुटं असाल, तेवडं सांगा." बायको माझ्याकडे बघत होती. बांधावर, एवढं एकच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. माझी मलाच लाज वाटली, आजही वाटते. काकी उठल्या आणि म्हणाल्या, "जेवून घ्या, भात निवला." ज्यांचं शेत खाऱ्या पाण्याखाली होतं, त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं.

पुढे आम्ही कोलाडजवळ उंचावर घर बांधलं. वहीत सगळ्यांत जास्त गुण त्याच गावाला होते. विहीर आहे, कणगी आहे, सहा महिन्यांचं सगळं भरलेलं असतं. पण श्रावणातल्या अमावास्येला बायको सकाळच्या एसटीने पेणला जाते. काकींनी तिच्यासाठी टोपली वेगळी ठेवली आहे. मला ती चल म्हणत नाही. मी येतो, असं मीही अजून म्हटलेलं नाही.

संध्याकाळी ती परतते तेव्हा नखांत चिखल असतो. मी विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "धरला आज बांध." मग मी उठून तिच्या अंघोळीचं पाणी तापवतो.